परसबागेचे हरितगृह : निवड, खर्च आणि टिकाऊपणा

(परसबाग व शालेय बाग या विषयावरील प्रशिक्षण वर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परसबाग ही महाराष्ट्राच्या घरांना नवी गोष्ट नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले अळू, विहिरीच्या काठची केळ, मागच्या दाराशी कढीपत्त्याचे झाड आणि मांडवावर चढलेला दुधीचा किंवा वालाचा वेल हे दृश्य पिढ्यान्पिढ्या परिचयाचे आहे. घरातील गृहिणीच्या देखरेखीखाली चालणाऱ्या या बागेने कुटुंबाच्या रोजच्या आहारातील भाजीचा वाटा निमूटपणे उचलला. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत २,००० किलोकॅलरींच्या दैनंदिन आहारात पालेभाज्यांसह ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात असे सुचविले आहे. पाच माणसांच्या घरात ही गरज दिवसाला जवळजवळ दोन किलोंवर जाते. एवढी भाजी बाराही महिने विकत घेणे अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणूनच शाळांच्या आवारात पोषण परसबागा उभ्या राहत आहेत आणि उमेद अभियानातील स्वयंसहायता गटांच्या महिलांनीही हे काम आपलेसे केले आहे.

तथापि, परसबागेला वर्षातील काही महिने हमखास ग्रासतात. एप्रिल-मे महिन्यांत कोथिंबीर उगवत नाही आणि उगवली तर करपते. आषाढातील संततधारेने पालेभाज्या झोडपल्या जाऊन कुजतात. टोमॅटो-मिरचीची रोपे पांढऱ्या माशीने आणलेल्या रोगामुळे बोकडतात. अशा वेळी हरितगृहाचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हरितगृह हा शब्द ऐकल्याबरोबर घाईने खरेदी झाली, की बहुधा दोन गोष्टी घडतात. वैशाखात आतील रोपे उकडून मरतात, आणि ज्येष्ठातील पहिल्या वादळात छप्पर शेजारच्या शेतात जाऊन पडते. गेलेल्या पैशांचे दुःख असतेच. पण त्याहून मोठी हानी अशी की, गावाच्या डोळ्यांदेखत फसलेला एक प्रयोग त्या गावाला पुढील अनेक वर्षे प्रत्येक नव्या कल्पनेविषयी साशंक करून ठेवतो. म्हणून निवड विचारपूर्वक व्हावयास हवी.

हरितगृह कशासाठी?

हरितगृहाची कल्पना थंड देशांत वाढली. इंग्लंडमध्ये जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा बागकाम करणारा गृहस्थ. वनस्पतींसाठी काचगृहे उभारण्याच्या अनुभवावरूनच त्याने १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी लोखंड व काच यांचा प्रचंड ‘क्रिस्टल पॅलेस’ रचला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमर्ट या शास्त्रज्ञाने महागड्या काचेऐवजी पातळ प्लास्टिकचे आच्छादन वापरून दाखविले आणि हरितगृह सामान्य शेतकऱ्याच्या जवळ आले. या सर्व ठिकाणी हेतू एकच होता : सूर्याची ऊब आत घ्यावयाची व ती बाहेर जाऊ द्यावयाची नाही. आपल्या देशात लडाखमध्ये याच तत्त्वावर तीन बाजूंना मातीच्या विटांच्या जाड भिंती आणि दक्षिणेकडे प्लास्टिकचे आच्छादन अशी साधी हरितगृहे बांधली जातात. बाहेर पाणी गोठत असताना त्यांत पालेभाज्या पिकतात. तेथील हवामानाला ती रचना शोभते.

महाराष्ट्रात प्रश्न नेमका उलटा आहे. निफाडसारख्या भागातील कडाक्याच्या थंडीचे काही दिवस वगळले, तर ऊब कमी पडण्याची तक्रार येथे क्वचितच असते. येथे तीव्र ऊन, मुसळधार पाऊस, गारपीट, वारा आणि कीड यांपासून रोपांचे रक्षण करावयाचे असते. पूर्ण बंद केलेले प्लास्टिकचे घर मार्च महिन्यात दुपारी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. तेव्हा परसबागेसाठी हरितगृह निवडताना छायागृह, पर्जन्याश्रय आणि कीटकरोधक जाळीचे रोपगृह हे तिन्ही प्रकार डोळ्यांसमोर ठेवावेत. या तिघांची कामे वेगळी आहेत. पानमळ्याचे मालक शेवरी, पांगारा आणि शेवगा यांच्या सावलीत नागवेल वाढवीत आले आहेत. छायागृहाचे तत्त्व त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

पहिला प्रश्न : संरक्षण कशापासून?

विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर घरी किंवा शाळेत बसून ठरवावे. गेल्या दोन-तीन वर्षांत कोणते पीक, कोणत्या महिन्यात, कशामुळे गेले, याची साधी यादी केली तरी पुरे.

कोकणात व घाटमाथ्यावर मुख्य शत्रू पाऊस. तेथे वर प्लास्टिकचे उतरते छप्पर आणि चारही बाजू मोकळ्या किंवा जाळीच्या, असा पर्जन्याश्रय योग्य ठरतो. छप्पर उतरते नसेल तर प्लास्टिकवर पाण्याचे पोटले साचतात. एक चौरस मीटर जागेत दहा सेंटिमीटर पाणी साचले तर त्याचे वजन शंभर किलो होते, आणि त्या भाराने सांगाडा वाकतो.

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात मुख्य शत्रू उन्हाळा. तेथे ऊन सुमारे निम्मे अडविणारी, म्हणजे ५० टक्के सावलीची शेडनेट पालेभाज्यांना व रोपवाटिकेला उपकारक असते. मात्र टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी या फळभाज्यांना भरपूर उजेड लागतो. वर्षभर दाट सावलीत ठेवल्यास ती उंच वाढतात, पण फळ कमी धरतात. म्हणून त्यांच्यासाठी कमी सावलीची, साधारण ३५ टक्क्यांची जाळी घ्यावी आणि पावसाळ्यात व हिवाळ्यात ती गुंडाळून ठेवता येईल अशी व्यवस्था करावी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा व विदर्भात झालेल्या गारपिटीची आठवण अनेकांना असेल. घट्ट ताणलेली जाळी लहान गारांचा मारा बराचसा झेलते, हा तिचा अधिकचा लाभ.

पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागात ऊन आणि पाऊस दोन्ही मध्यम. तेथे कीड-रोगाचा प्रश्न पुढे येतो. रोपवाटिकेपुरते ४० मेश नायलॉन जाळीचे लहानसे घर केले, तर पांढरी माशी रोखली जाते आणि कोवळ्या वयात होणारा विषाणूंचा प्रादुर्भाव टळतो. एक गादीवाफा झाकण्याइतकी जाळीही एका घराची किंवा शाळेची टोमॅटो-मिरचीची गरज भागविते. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. काकडी, दोडका, कारले, भोपळा यांना फळधारणेसाठी मधमाश्या लागतात. ही पिके सदैव जाळीत कोंडली तर फुले येतात, पण फळे धरत नाहीत. अशी पिके बाहेर मांडवावरच घ्यावीत, किंवा फुलोऱ्याच्या वेळी सकाळी जाळी उघडावी.

वाऱ्याचा हिशेब

स्वस्त हरितगृह आणि मजबूत हरितगृह यांतील भेद शांत दिवशी दिसत नाही. तो वारा दाखवितो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानक ८७५, भाग ३ मध्ये पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबई व नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर हा मूळ वेग दिलेला आहे. घरांच्या व झाडांच्या आडोशाला, जमिनीलगत प्रत्यक्ष वेग याहून कमी असतो. तरीही हिशेब समजून घेण्यासारखा आहे.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सेकंदाला २० मीटर, अर्थात ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे २४ किलो असतो. वेग सेकंदाला ४० मीटर झाला की तो सुमारे ९८ किलो होतो. आता परसबागेसाठी ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि बाजूला १.८ मीटर उंच असे एक लहान हरितगृह कल्पावे. त्याची लांबीची एक भिंत १०.८ चौरस मीटरची होते. ती प्लास्टिकने पूर्ण झाकलेली असेल, तर ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर अडीचशे किलोंहून अधिक भार येतो, आणि दुप्पट वेगात एक टनाहून अधिक. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने पत्रे, कौले आणि माडा-पोफळीच्या बागा यांची जी दशा केली, तिच्यामागे हेच गणित होते.

या गणितातून तीन व्यवहारी निष्कर्ष निघतात. एक, बाजूच्या भिंती शक्यतो जाळीच्या असाव्यात, म्हणजे वारा अडण्याऐवजी आरपार जातो. दोन, रचनेची अरुंद बाजू पावसाळी वाऱ्याकडे, म्हणजे पश्चिम-नैर्ऋत्येकडे असावी. अर्थात लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. तीन, वारा हरितगृहाला नुसता ढकलीत नाही. छपराखाली शिरून तो त्याला वर उचलतो. म्हणून खांबांच्या पायाचे महत्त्व त्यांच्या जाडीइतकेच आहे.

पाया आणि सांगाडा

वर कल्पिलेल्या हरितगृहास दोन-दोन मीटर अंतरावर प्रत्येक बाजूस चार, असे आठ खांब लागतात. प्रत्येक खांबासाठी ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्यात काँक्रीट भरले, तर एका पायाचे वजन सुमारे १३० किलो भरते. आठ पायांचे मिळून एक टनाहून अधिक वजन होते. उचलणाऱ्या वाऱ्याला हे उत्तर आहे. खांब नुसता पहारीने ठोकून बसविला, तर पावसाने माती भिजताच तो सैल होतो. जेथे काँक्रीट परवडत नाही तेथे खांबाच्या बुडाला आडवा तुकडा बांधून तो दगड-मुरुमात धुमसून बसवावा.

सांगाड्यासाठी तीन साहित्ये सामान्यतः विचारात येतात.

पहिला बांबू. सिंधुदुर्गातील मानगा हा जवळजवळ भरीव व सरळ बांबू आणि विदर्भातील कटांग या दोन्ही जाती अशा कामास योग्य आहेत. बांबू तीन-चार वर्षांचा पक्व असावा आणि पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात तोडलेला असावा. त्या वेळी त्यात पिष्टमय अंश कमी असल्याने भुंगा कमी लागतो. बोरॅक्स व बोरिक आम्ल यांच्या द्रावणाची प्रक्रिया केलेला बांबू छपराखाली कोरडा राहिल्यास अनेक वर्षे टिकतो. प्रक्रिया न करता जमिनीत पुरलेला बांबू मात्र दोन-तीन पावसाळ्यांतच वाळवीचे व कुजण्याचे भक्ष्य होतो. यावर सोपा उपाय असा की, बांबू जमिनीत पुरूच नये. काँक्रीटमध्ये लोखंडी पाइपचा तुकडा किंवा पट्टी बसवून बांबू जमिनीच्या वर तिला बोल्टने जोडावा. मग एखादा खांब खराब झाला तर तेवढाच बदलता येतो.

दुसरे साहित्य जस्तलेपित लोखंडी पाइप, म्हणजे जी. आय. पाइप. सुरुवातीचा खर्च अधिक, पण आयुष्य दीर्घ. खरेदीच्या वेळी पाइपचा बाहेरील व्यास सांगितला जातो; विचारावयाची गोष्ट मात्र त्याच्या पत्र्याची जाडी. एकाच व्यासाचे दोन पाइप हातात घेतले, तर वजनावरून फरक कळतो. वेल्डिंग केलेल्या ठिकाणी जस्ताचा थर जळून जातो व गंज तेथूनच सुरू होतो. म्हणून शक्य तेथे क्लँप व बोल्टची जोडणी घ्यावी आणि वेल्डिंग केलेच, तर त्या सांध्यांवर जस्तयुक्त रंग लावून घ्यावा.

तिसरे साहित्य पीव्हीसी पाइप. वाकवून कमानी करणे सोपे असल्याने तो मोहात पाडतो. गादीवाफ्यावरील गुडघाभर उंचीच्या बोगद्याला तो चालतो. माणूस आत उभा राहील एवढ्या घराला मात्र तो अपुरा पडतो, कारण उन्हाने तो ठिसूळ होतो आणि वाऱ्यात लवतो. बाजारात मिळणारी बारीक पाइपांची व प्लास्टिक सांध्यांची तयार हरितगृहेही याच मापाने तोलावीत. गच्चीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला ती उपयोगी आहेत. उघड्या माळावर नाहीत.

साहित्य कोणतेही असो, कोपऱ्यांतील तिरकस आधार वगळू नयेत. खांब आणि वासे यांनी केलेला चौकोन वाऱ्याने कलंडतो. त्यात कर्ण बसविला की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण आपला आकार सोडीत नाही. गावचा सुतार हे जाणतो. खर्च कमी करताना बहुधा हेच चार-आठ तुकडे प्रथम गाळले जातात आणि वादळात सर्व रचना त्याच ठिकाणी दगा देते.

आच्छादन कसे पारखावे

प्लास्टिकचे आच्छादन अतिनील किरणांना प्रतिकार करणारे, म्हणजे यू.व्ही. स्थिरीकरण केलेले आणि २०० मायक्रॉन जाडीचे असावे. बाजारात यालाच ८०० गेज म्हणतात. साधे पारदर्शक पॉलिथीन दिसावयास तसेच असते, पण एका उन्हाळ्यातच ते तडकते. यू.व्ही. आच्छादन नीट बसविल्यास सुमारे तीन वर्षे काम देते. जाडीची खात्री वजनावरून करता येते. २०० मायक्रॉनच्या पॉलिथीनचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे १८४ ग्रॅम भरतो. वरील हरितगृहाची बाजूची उंची १.८ मीटर व मधली उंची २.७ मीटर धरली आणि चहूबाजूंनी ३० सेंटिमीटर पाखे सोडले, तर छपराला सुमारे २७ चौरस मीटर प्लास्टिक लागते. त्याचे वजन पाच किलोंच्या आसपास यावयास हवे. ते साडेतीन किलोच भरले, तर दिलेला माल कमी जाडीचा आहे असे समजावे. यासाठी कोणतेही यंत्र नको. किराणा दुकानातील तराजू पुरेसा आहे.

शेडनेटमध्ये गोल धाग्याची, म्हणजे मोनोफिलामेंट जाळी चपट्या पट्टीच्या धाग्यांच्या जाळीपेक्षा अधिक टिकते. सावलीची टक्केवारी, यू.व्ही. स्थिरीकरण आणि हमीचा कालावधी या तिन्ही गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात.

आच्छादन बसविण्याची पद्धतही त्याचे आयुष्य ठरविते. प्लास्टिकला थेट खिळे मारू नयेत. प्रत्येक छिद्रापासून फाटण्यास आरंभ होतो. बांबूवर बसविताना कामट्यांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठेवून ते दाबावे. लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमची खाच व स्प्रिंगची तार वापरावी. तापलेल्या लोखंडाला टेकलेले प्लास्टिक लवकर जळते, म्हणून त्या ठिकाणी पांढरा रंग द्यावा किंवा कापडाची पट्टी गुंडाळावी. हवा ऊबदार आणि वारा शांत असताना आच्छादन ताणावे; थंडीत ताणलेले प्लास्टिक उन्हात सैल पडते व वाऱ्यात फडफडून फाटते. गंधकयुक्त औषधांची फवारणी प्लास्टिकवर उडू देऊ नये, कारण तिच्यामुळे त्याचे आयुष्य घटते. बाद झालेले प्लास्टिक जाळू नये. ते गोळा करून भंगार व्यावसायिकाकडे पुनर्वापरासाठी द्यावे. परसबागेच्या मातीतच त्याचे तुकडे मिसळू लागले, तर ज्या आरोग्यासाठी हा खटाटोप केला त्यालाच बाध येईल.

हवा, जागा आणि पाणी

उष्ण हवा वर जाते. म्हणून छपराच्या आढ्याजवळ ती बाहेर पडावयास वाट आणि खालच्या बाजूंनी थंड हवा आत यावयास वाट, अशा दोन्ही वाटा हव्यात. एकच दार ठेवलेले प्लास्टिकचे घर महाराष्ट्रात चालत नाही. उंचीवर काटकसर करू नये, मध्यभागी २.७ ते ३ मीटर उंची असली की आतली हवा सुसह्य राहते. दुपारी माणसाला आत पाच मिनिटे उभे राहवत नसेल, तर ते रोपांनाही सोसत नाही, ही साधी कसोटी लक्षात ठेवावी.

जागा पाण्याजवळ आणि घरातून नजरेस पडेल अशी असावी. माडाखाली हरितगृह उभारू नये. एक झावळी किंवा नारळ पडला तरी छप्पर फाटते. पश्चिमेकडे शेवरी किंवा हादग्याची रांग लावल्यास वारा मंदावतो, मात्र तिची सावली आत पडणार नाही इतके अंतर ठेवावे. गच्चीवर वारा अधिक असतो आणि पाया खणता येत नाही. तेथे स्लॅबला भोके पाडल्यास गळती लागते. म्हणून खांब वाळूने भरलेल्या पिंपांत किंवा जड कुंड्यांत रोवून एकमेकांना तळाशी जोडावेत, उंची कमी ठेवावी आणि इमारत जुनी असल्यास भाराविषयी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

छपरावरचे पाणी वाया जाऊ देऊ नये. १८ चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १८ लिटर पाणी मिळते. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावातही हा आकडा १२,००० लिटरांवर जातो. एक पन्हळ व एक पिंप एवढ्या साधनाने त्यातील काही भाग जरी धरला, तरी पावसाने दिलेल्या उघडिपीत रोपांची तहान भागते.

स्वस्त म्हणजे काय?

खरेदीची किंमत आणि वापराचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. समजा, साधे प्लास्टिक यू.व्ही. प्लास्टिकच्या निम्म्या किमतीत मिळाले. ते दरवर्षी बदलावे लागले, तर तीन वर्षांत दीडपट पैसे जातात. तीन वेळा मजुरी पडते ती निराळीच. हाच न्याय सांगाड्याला लावावा. एकूण खर्चाला अपेक्षित वर्षांनी भागावे, त्यात दरसालची दुरुस्ती मिळवावी, आणि मग दोन पर्यायांची तुलना करावी. या हिशेबात ज्या गावात बांबू घरचा आहे आणि हात कुशल आहेत तेथे प्रक्रिया केलेला बांबू सरस ठरेल. जेथे बांबू दुरून आणावा लागतो आणि देखभालीला माणूस नाही तेथे लोखंडी पाइप स्वस्त पडेल.

काटकसर करावयाचीच असेल तर ती आकारमानात करावी. पाया, तिरकस आधार आणि आच्छादनाचा दर्जा यांत करू नये. सहा मीटरांचे डगमगते घर बांधण्यापेक्षा तीन मीटरांचे भक्कम घर बांधावे आणि अनुभव आल्यावर ते वाढवावे. त्याहूनही प्रथम एका गादीवाफ्यावर कामट्यांच्या कमानी व जाळी टाकून एक हंगाम पाहावा. कोणती भाजी त्या आडोशाला मानवते, घरातील कोण रोज सकाळी लक्ष घालतो, हे त्या हंगामात कळते.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात संरक्षित शेतीला अनुदानाची तरतूद आहे. ती प्रामुख्याने उत्पादक शेतकऱ्यांसाठी असून तिला क्षेत्राच्या व तांत्रिक मापदंडांच्या अटी आहेत. परसबागेचे चिमुकले हरितगृह त्या चौकटीत बसतेच असे गृहीत धरू नये. खरेदीपूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चालू नियमांची विचारणा करावी. अनुदान मिळेल या भरवशावर गरजेपेक्षा मोठी रचना उभारणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

शाळा आणि ग्रामपंचायत

सार्वजनिक पैशातून हरितगृह उभारताना जबाबदारी वाढते. दरपत्रक मागविताना केवळ “हरितगृह, एक नग” असे लिहिल्यास सर्वांत कमी दराचा माल येणार, हे उघड आहे. पाइपची जाडी, पायाची खोली, खांबांमधील अंतर, तिरकस आधारांची संख्या, आच्छादनाचे मायक्रॉन आणि हमीची वर्षे ही सहा कलमे दरपत्रकाच्या मागणीत स्पष्ट लिहावीत, आणि माल ताब्यात घेताना तीच कलमे मोजपट्टी व तराजू घेऊन तपासावीत. हे मोजमाप शाळेतील मुलांकडून करून घेतले तर क्षेत्रफळ, घनता आणि वर्ग यांचा पाठ पुस्तकाबाहेर येऊन उभा राहतो.

पुढचा प्रश्न देखभालीचा. शाळेला उन्हाळ्याची दीर्घ सुटी असते आणि नेमक्या त्याच वेळी हरितगृहाला रोज पाणी व लक्ष लागते. त्या काळात हे काम कोण पाहणार, याचे उत्तर खरेदीच्या ठरावातच नोंदलेले असावे. गावातील महिला गटाने सुटीत भाजी काढून न्यावी व बाग जगवावी, अशी वाटणी करता येण्यासारखी आहे.

वादळाच्या वेळी काय करावयाचे हेही आधी ठरलेले असावे. कोकणात आगोटीपूर्वी घर शाकारण्याची आणि झापांचे आडोसे बांधण्याची रीत आहे. हरितगृहालाही तशीच वार्षिक आगोट हवी : बोल्ट आवळणे, फाटलेले भाग सांधणे, पन्हळ साफ करणे आणि जवळच्या फांद्या छाटणे. हवामान खात्याचा वादळाचा इशारा मिळाला की जाळी गुंडाळून बांधावी, सुटे साहित्य आत घ्यावे आणि मुलांना त्या बाजूस जाऊ देऊ नये. आच्छादन उतरविता येण्याजोगे असावे ते याचसाठी. जाळी आणि प्लास्टिक तासाभरात निघाले, तर वारा रिकाम्या सांगाड्यातून निघून जातो. आच्छादन पुन्हा घेता येते. मोडलेला सांगाडा पुन्हा उभारावयास गाव सहसा तयार होत नाही.

हरितगृह हे शेवटी एक साधन आहे. माती भुसभुशीत, शेणखत कुजलेले आणि बी चांगले नसेल, तर उत्तम छप्परही भाजी देणार नाही. परंतु ज्या घरात किंवा शाळेत परसबाग मनापासून जोपासली जाते, तेथे योग्य जागी उभा केलेला हा छोटा निवारा बागेचे रिकामे महिने भरून काढू शकतो. मे महिन्यात शाळेच्या अंगणातून निघालेली कोथिंबिरीची जुडी आणि श्रावणात घरच्या वाफ्यातून ताटात आलेली मेथी यांचे मोल बाजारभावात मोजता येत नाही. ती जुडी पहिल्या वर्षाप्रमाणेच पाचव्या वर्षीही निघावी, एवढी दृष्टी ठेवून आजची निवड व्हावी.